मोडीत काढलेली विमाने आणि वालचंदांचा कारखाना

नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ अखेर प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली आणि रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीला जेट विमानांच्या आवाजाची सवय होऊ लागली. तथापि या किनाऱ्यावरच्या आकाशाला विमाने काही नवी नाहीत. जिल्ह्याचे नाव अजून कुलाबा होते त्या काळात, १९५१ पासून पुढे जवळजवळ अठरा वर्षे, पुण्याच्या लोहगाव तळावर भारतीय वायुसेनेचे सहावे स्क्वाड्रन चार इंजिनांची, पंख्यांची अवजड विमाने बाळगून होते. अरबी समुद्रावर टेहळणी करणे हे त्यांचे काम. लोहगावहून थेट पश्चिमेस रेषा ओढली, तर सह्याद्री ओलांडून ती रेवदंड्याच्या आसपास समुद्राला मिळते. अंतर शंभर किलोमीटरच्या घरातले. त्या विमानांना ते वीस मिनिटांचे होते.

या विमानाचे नाव लिबरेटर, कारखान्यातील क्रमनाम बी-२४. जुन्या विमानांच्या अभ्यासकांमध्ये हे नाव निघाले, की भारताचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. याला कारण आहे, आणि त्या कारणाचा एक धागा सोलापूरच्या एका जैन कुटुंबापर्यंत जाऊन पोहोचतो.

शेठ वालचंद हिराचंद यांची ओळख या मासिकाच्या वाचकांना नव्याने करून देण्याचे प्रयोजन नाही. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या उद्योगपतीने बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांची कामे केली. १९१९ साली सिंदिया कंपनीच्या ‘लॉयल्टी’ जहाजाने इंग्रज जहाज-कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले, तेव्हा त्या धाडसामागे वालचंद होते. विशाखापट्टणमची जहाजगोदी आणि प्रीमियर मोटारीचा कारखाना हे पुढचे अध्याय सर्वज्ञात आहेत. विमानाचा अध्याय मात्र त्या मानाने कमी सांगितला जातो, कारण त्यात मालकी हातून गेली.

१९३९ साली मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीसाठी वालचंद अमेरिकेस गेले होते. परतीच्या वाटेवर पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी पडली. चीनसाठी विमाने जुळवण्याचा कारखाना पॉली यांनी उभारला होता. चीनमध्ये होते ते हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न वालचंदांनी तिथेच पकडला. इंग्रज सरकारचा प्रारंभीचा प्रतिसाद थंड होता. १९४० साली फ्रान्स पडला, इंग्लंडहून पूर्वेकडे विमाने येण्याची शाश्वती उरली नाही, तेव्हा सरकारचे मत बदलले. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनी बंगळूरला जागा दिली, संस्थानाने भांडवलात वाटा उचलला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड’ची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल चार कोटी रुपये. पुढच्या वर्षाच्या प्रारंभी भारत सरकारही पंचवीस लाखांचे भागधारक झाले. एका खाजगी उद्योजकाच्या पुढाकाराला संस्थान आणि साम्राज्य अशा दोघांची भागीदारी मिळावी, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती.

१९४१ मध्ये या कारखान्यात पहिले विमान जुळले. ते हार्लो नावाचे अमेरिकन बनावटीचे, एका इंजिनाचे, शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान होते. पाठोपाठ कर्टिस हॉक या लढाऊ विमानाचे काम हाती घेतले गेले. परंतु डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, ब्रह्मदेश हातचा जाऊ लागला आणि सरकारला हा कारखाना पूर्णपणे आपल्या ताब्यात हवासा वाटू लागला. एप्रिल १९४२ मध्ये भारत सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. म्हैसूर संस्थानाने आपले भाग विकण्यास नकार दिला. कारभार मात्र सरकारकडे सोपवला. स्थापनेनंतर जेमतेम सोळा महिन्यांत संस्थापक बाहेर पडला होता. मोबदला मिळाला, हे खरे. पण ज्याने जहाज, मोटार आणि विमान ही तिन्ही स्वदेशात घडवण्याचे ठरवले होते, त्याच्या हिशेबवहीत ही रक्कम नफ्याच्या बाजूला लिहिली गेली असेल असे वाटत नाही. विमानाच्या उद्योगात ते पुन्हा उतरले नाहीत.

कारखाना मात्र थांबला नाही. १९४३ पासून तो अमेरिकन हवाई दलाच्या हाती गेला आणि तेथे नवी विमाने घडवण्याऐवजी युद्धात खिळखिळ्या झालेल्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. डकोटा, मिचेल, लिबरेटर, पाण्यावर उतरणारे कॅटालिना, अशी नाना जातीची विमाने तिथल्या भारतीय कामगारांच्या हाताखालून गेली. दुसऱ्याचे यंत्र उघडून पुन्हा जोडण्यातून जी विद्या मिळते, ती कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही. तिचा उपयोग काही वर्षांनी झाला.

लिबरेटर हे अमेरिकेचे दूर पल्ल्याचे बॉम्बफेकी विमान. पंखांचा विस्तार एकशे दहा फूट, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची चार इंजिने, प्रत्येक इंजिनात वर्तुळाकार मांडलेली चौदा सिलिंडरे. युद्धकाळात अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. अमेरिकेने दुसऱ्या कोणत्याही लष्करी विमानाची इतकी संख्या काढली नाही. फोर्ड मोटार कंपनीच्या विलो रन येथील कारखान्यातून ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडत असे. ब्रिटनने ‘लेंड-लीज’ करारान्वये घेतलेली यांतील पुष्कळ विमाने पूर्व आघाडीसाठी हिंदुस्थानात होती. युद्ध संपले. कराराप्रमाणे ही विमाने एकतर परत करावयाची किंवा निकामी करावयाची होती. अमेरिकेलाच ती नको होती, कारण तिच्या स्वतःच्या मैदानांवर हजारो विमाने वितळवली जाण्याची वाट पाहत उभी होती. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर विमाने मोडून टाकली. कुणावर बुलडोझर चालवला, कुणावर कुदळी घातल्या, इंजिनांत वाळू ओतली, असे सांगितले जाते. जमाखर्चाच्या भाषेत ही मालमत्ता संपूर्ण निर्लेखित झाली होती.

स्वतंत्र भारताजवळ एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते आणि नवे घेण्यास परकीय चलन नव्हते. १९४८ साली बंगळूरच्या याच कारखान्याला विचारणा झाली, की कानपूरच्या भंगारातून काही उभे राहील काय. परदेशी जाणकारांचे मत प्रतिकूल होते. कारखान्याची माणसे कानपूरला जाऊन राहिली. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याची चाके असे करत, उडेल इतपत विमान तयार करावयाचे आणि ते बंगळूरला नेऊन तेथे त्याची पूर्ण दुरुस्ती करावयाची, अशी ती पद्धत होती. अशा अर्धवट विमानांतून शेकडो कोसांचे उड्डाण करण्याची जोखीम कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पत्करली. १९४८ च्या नोव्हेंबरात वायुसेनेचे पाचवे स्क्वाड्रन या विमानांवर उभे राहिले. एकूण चाळिसाच्या आसपास लिबरेटर या रीतीने पुन्हा आकाशात गेले. त्यांतील काही १९५१ मध्ये पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनला मिळाले आणि कोकण किनाऱ्यापुढचा समुद्र त्यांच्या देखरेखीखाली आला.

त्याच १९५१ साली याच कारखान्यातून एच.टी.-२ हे संपूर्ण भारतीय आराखड्याचे पहिले शिकाऊ विमान उडाले. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे मराठी होते आणि जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले होते. महाराष्ट्रात त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

लिबरेटर विमाने १९६८ च्या अखेरीस भारतीय सेवेतून निवृत्त झाली. तोवर जगातले चित्र पालटले होते. अठरा हजारांपैकी बहुतेक सर्व विमाने वितळून गेली होती आणि ज्या देशांनी ती बांधली व वापरली, त्यांच्या संग्रहालयांना दाखवण्यापुरतेही धड विमान मिळत नव्हते. मग भारताकडे पत्रे येऊ लागली. कॅनडाने १९६८ मध्ये एक विमान नेले. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयाला १९६९ मध्ये एक मिळाले. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला १९७४ मध्ये एक भेट देण्यात आले. ज्या सैन्याने ती मोडून टाकली, त्याच्याच संग्रहालयात ते आज मानाने उभे आहे. निर्लेखित मालमत्तेला असा भाव आल्याचे उदाहरण अन्यत्र सहसा आढळणार नाही.

एका विमानाची कथा याहून लांबली. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते भारतातून विकत घेतले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने ते घेतले, कित्येक हजार तास खर्चून पुन्हा सांधले आणि १९८९ मध्ये ते उडाले. नंतरची तीस वर्षे ते अमेरिकेच्या गावोगावी फिरत होते. तिकीट काढून लोक त्यात बसत.

येथेच अभ्यासकांमध्ये दोन तट पडतात. एका पक्षाचे म्हणणे असे, की विमान उडाले पाहिजे. जमिनीला खिळलेल्या विमानाच्या इंजिनाचा नाद आणि तापलेल्या तेलाचा वास कोणत्याही काचेमागे ठेवता येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, की जी वस्तू पुन्हा घडणार नाही तिची आणि तिच्यात बसणाऱ्या माणसांची जोखीम घेण्याचा अधिकार कुणाला नाही. हा वाद केवळ हौशी लोकांचा राहिला नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच फाउंडेशनचे बी-१७ जातीचे जुने विमान कनेटिकट राज्यात उतरताना कोसळले आणि सात जणांचा प्राण गेला. पुढे अमेरिकन सरकारने त्या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली. एवढे झाल्यावर दुसऱ्या पक्षाचे पारडे जड ठरते, असे म्हणणे भाग आहे. एखादे विमान निष्णात वैमानिकाने रिकामे उडवणे निराळे आणि कुटुंबे बसवून त्यावर देखभालीचा खर्च भागवणे निराळे.

भारतात मात्र प्रश्न उडवण्याचा कमी आणि राखण्याचा अधिक आहे. दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयात एक लिबरेटर आहे. सहाव्या स्क्वाड्रनला नंतर एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने मिळाली. ‘रानी ऑफ अजंता’, ‘रानी ऑफ एलोरा’ अशी त्यांची नावे प्रवासी सेवेत असताना होती. १९७१ च्या युद्धात त्यांनी अरबी समुद्रावर गस्त घातली आणि १९७६ मध्ये ती नौदलाकडे गेली. त्यांतील एक गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात उभे आहे. तीन शेपट्यांचे आणि माशासारखी बाकदार पाठ असलेले हे देखणे विमान उघड्यावर आहे. समुद्राची खारट हवा आणि कोकणातला पाऊस ॲल्युमिनियमला काय करतो, हे किनाऱ्यावर घर असलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. त्यावर छप्पर घालण्याचा खर्च, वितळलेले विमान परत आणण्यापेक्षा निश्चितच कमी असेल.

कॅनडाने लिबरेटर नेले, त्याच्या बदल्यात भारताला काय मिळाले, हेही नोंदवण्याजोगे आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशाच्या लढाईत भारतीय वायुसेनेचे पहिले स्क्वाड्रन लायसँडर नावाचे छोटे, एका इंजिनाचे विमान उडवत होते. युद्धानंतर आपल्या वायुसेनेच्या संग्रहालयासाठी त्यांतले एकही शिल्लक राहिले नव्हते. पालमला आज जे लायसँडर आहे, ते कॅनडाहून आले आहे.