लाव्हाच्या मुलखात एकट्याने

ग्रीसच्या सँटोरिनीसारखी ज्वालामुखीची भूमी आपल्याकडेही आहे. अकोले तालुक्यातला सह्याद्री सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. सँटोरिनीच्या नेआ कामेनी बेटावर शेवटचा उद्रेक 1950 मध्ये झाला. इथला लाव्हा मात्र केव्हाच थंडावला. एकट्याने निघणाऱ्यांसाठी इथली ही तीन ठिकाणं.

कळसूबाई : 1,646 मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. पायथा बारी गाव. कड्यांवर लोखंडी शिड्या असल्याने एकट्याने सुरुवात करायला सोयीचं.

हरिश्चंद्रगड : 1,424 मीटर. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. धुक्यात कोकणकड्याच्या टोकाला जाऊ नये.

सांधण दरी : साम्रद गावाजवळची अरुंद घळ. पावसाळ्यात पाण्याचा लोंढा येतो, तेव्हा उतरू नये. एरवीही गावातला वाटाड्या हवाच.

कसं जायचं : मध्य रेल्वेने इगतपुरी, पुढे रस्त्याने बारी किंवा भंडारदरा.

निघण्यापूर्वी : मोबाइलची रेंज गृहीत धरू नका. वाट आणि परतीची वेळ घरी व मुक्कामाच्या गावात सांगून ठेवा. विजेरी, शिट्टी, पुरेसं पाणी सोबत असू द्या. अंधाराआधी खाली उतरा.