विश्लेषण : परदेशात शिकताना चीनवर प्रबंध लिहायचाय? जालन्याचा रेशीम कोष कसा कामी येईल?

परदेशी विद्यापीठात मास्टर्सला गेलेल्या अनेकांना शेवटच्या टप्प्यात प्रबंध लिहावा लागतो. विषय चीनचा असेल, तर दोन प्रश्न लगेच समोर येतात. चिनी भाषा येते का? आणि माहिती कुठून आणणार? अर्ध्यात विषय बदलावा लागला तर मुक्काम लांबतो, शैक्षणिक कर्जाचा बोजाही वाढतो. म्हणून 'चीनची अर्थव्यवस्था' असा अवाढव्य विषय घेण्यापेक्षा आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीचं चिनी टोक शोधलेलं बरं.

हार्वर्डमध्ये बापटांनी काय केलं?

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणारे पु. वि. बापट हार्वर्डला गेले आणि १९३२ मध्ये तिथून पीएचडी झाले. बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ त्यांच्या अभ्यासातला. त्याच विषयावरचा 'विमुत्तिमग्ग' मूळ पालीत हाती नव्हता. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेला त्याचा चिनी अनुवाद मात्र शिल्लक होता. बापटांनी दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून ताडून पाहिले. 'विमुत्तिमग्ग' आधीचा आणि बुद्धघोषाला तो माहीत होता, असं त्यांनी मांडलं. हा अभ्यास १९३७ मध्ये पुण्यातून पुस्तकरूपात आला. पाली पक्की होती, म्हणून चिनी मजकुरात नेमकं काय शोधायचं हे त्यांना कळत होतं.

जालन्याकडे काय आहे?

२०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री सुरू झाली. राज्यातली ही पहिलीच कोष बाजारपेठ. त्याआधी शेतकऱ्यांना कोष घेऊन कर्नाटकातलं रामनगर गाठावं लागायचं. जगात रेशीम उत्पादनात चीन पहिला, भारत दुसरा. चीनच्या किनारी प्रांतांत कारखाने वाढले, जमीन आणि मजुरी महागली. तेव्हा २००६ मध्ये तिथल्या सरकारने 'पूर्वेची तुती पश्चिमेला' नावाचा कार्यक्रम हाती घेतला. आज कोष उत्पादनात ग्वांगशी हा दक्षिणेकडचा प्रदेश आघाडीवर आहे.

इथे प्रबंधाचा प्रश्न सापडतो. भाव पडला की तोटा कोण सोसतं, ग्वांगशीत आणि जालन्यात? लिलावात कोषाची प्रत कशी ठरते, हे घरच्या तुतीच्या शेडमध्ये वाढलेल्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. मार्गदर्शकाला मात्र ते बहुधा ठाऊक नसतं.

आकडे कुठे मिळतील?

अडचण इथेच आहे. सीएनकेआय हा चीनमधला शोधनिबंधांचा सर्वांत मोठा साठा. १ एप्रिल २०२३ पासून त्यातले प्रबंध, परिषदांमधले निबंध आणि सांख्यिकी वार्षिकं परदेशी ग्रंथालयांना मिळणं थांबलं. चीनमधली काही सरकारी संकेतस्थळं देशाबाहेर उघडतच नाहीत. जे पान उघडेल त्याची प्रत तारखेसह लगेच जतन करून ठेवावी. पुढच्या महिन्यात ते असेलच असं नाही.

व्यापाराचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडवर मिळतात. कच्च्या रेशमाचा कोड ५००२, कोषांचा ५००१. चीनने विकलेलं आणि भारताने घेतलेलं रेशीम दोन्ही बाजूंनी तपासावं. आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत यावरही एक प्रकरण होऊ शकतं.

मुलाखती घेताना काय जपायचं?

माणसांशी बोलायचं तर ब्रिटन-अमेरिकेतल्या विद्यापीठांत आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. फोनवर बोललात तरी हा नियम सुटत नाही. वीचॅटवरचं बोलणं खासगी राहील असं धरून चालू नये. आपण पदवी घेऊन परत येतो. ग्वांगशीतला शेतकरी तिथेच राहणार असतो. त्यामुळे नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील वहीतसुद्धा सांकेतिक खुणांनी लिहिलेला बरा.

आणखी एक. सुट्टीत जालन्याला येऊन उरलेल्या मुलाखती उरकू, असा बेत असेल तर वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद आहे. ते काम विद्यापीठात असतानाच संपवावं लागेल.