खाच जमली, तर बाण जमला!

बाण म्हटलं की आपलं लक्ष जातं टोकाकडे. पण दोस्तांनो, जरा मागचं टोक बघा. दोरी जिथे बसते ती इवलीशी खाच, खेळाडूंच्या भाषेत ‘नॉक’. धनुष्याचा सगळा जोर बाणाला मिळतो तो इथूनच.

5 ऑगस्ट 2023 ला बर्लिनमध्ये नागपूरच्या ओजस देवतळेनं 15 बाणांत 150 पैकी 150 गुण घेतले आणि तो जगज्जेता झाला. त्याच दिवशी साताऱ्याची 17 वर्षांची अदिती स्वामीही जगज्जेती झाली. त्यांच्या धनुष्य-बाणांचं साहित्य आधुनिक. नॉक प्लास्टिकचे, साच्यातून निघालेले, सगळे एकसारखे. हे सामान घ्यायचं तर खर्च लाखांच्या घरात जातो. मग जळकोटच्या डोंगराळ भागातल्या पोरा-पोरींनी करायचं काय? आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. त्यात लाकूड-बांबूचं धनुष्य चालतं, नेम 30 आणि 50 मीटरवर. सुरुवात तिथून करता येते. सरावाचा बाण तर हातानंही बनतो. अवघड असते ती खाच.

बांबूची सरळ, वाळलेली काडी घ्या. खाच अशा जागी पाडा की तिच्या लगेच खाली गाठ येईल. चीर गेलीच, तर गाठीपाशी अडते. लाकडाची काडी असेल, तर टोकावर वाढीच्या रेषा दिसतात. खाच त्या रेषांना आडवी हवी. रेषेच्या दिशेनं पाडली, तर दोरीच्या धक्क्यानं काडी उभी चिरते. हॅकसॉची दोन-तीन पाती एकत्र चिकटपट्टीनं बांधा आणि सात-आठ मिलिमीटर खोल कापा. पॉलिश पेपरनं तळ गोल, गुळगुळीत करा. खाचेच्या खाली मजबूत दोरा घट्ट गुंडाळून त्यावर गोंद लावा. हे गुंडाळणं आळसानं सोडू नका.

आता परीक्षा. बाण दोरीत अडकवून टोक खाली धरा. तो लटकून राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटानं टिचकी मारली की सुटला पाहिजे. घट्ट बसला, तर सुटताना अडखळतो. सैल असला, तर ऐनवेळी दोरीवरून घसरतो.

इथेच खरा धोका आहे. खाच फुटली किंवा बाण घसरला, तर सगळा जोर रिकाम्या धनुष्यात परततो. धनुष्य तडकू शकतं, ढलपी हाताला, डोळ्याला लागू शकते. म्हणून प्रत्येक बाणाआधी खाच नखानं तपासा. केसाएवढी चीर दिसली, तरी तो बाण बाजूला ठेवा. सराव करायचा तो जाणत्या प्रशिक्षकासमोर, आणि पुढे कुणी नसतानाच.

एक बाण छान जमणं सोपं आहे. सहा बाणांना सारखी खाच पाडून बघा. सहाव्यापर्यंत हात स्थिर राहिला, तर नेमबाजीचा पहिला धडा दोरी न ओढताच झाला म्हणायचा!