मोटर गेली, की मोटरीपर्यंत काही पोचलेच नाही?

किल्ली काढताच स्टेअरिंग आपोआप वर सरकते आणि चालकाला उतरायला जागा करून देते. पुन्हा किल्ली लावली की ते ठरलेल्या उंचीवर खाली येते. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, जॅग्वार यांच्या वरच्या श्रेणीतल्या जुन्या गाड्यांत ही सोय आढळते. पंधरा-वीस वर्षे वापरल्यावर एखाद्या सकाळी स्टेअरिंग वरच राहते. इंजिन एका सेल्फमध्ये चालू होते, गिअर पडतो, पण स्टेअरिंगच्या चाकाआड मीटर झाकला जातो आणि नीट बसता येत नाही. ‘मोटर गेली’ असे सांगून नवी मोटर मागवणे ही यावरची नेहमीची तऱ्हा. बऱ्याच वेळा मोटर शाबूत असते आणि दोष तिच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो, म्हणून तपासणी क्रमाने झाली पाहिजे.

पुण्यात मर्सिडीजची जुळणी १९९५ मध्ये सुरू झाली, बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ मध्ये. त्या पहिल्या दोन दशकांतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. कृष्णा-तारळीच्या संगमावरचे उंब्रज पुणे-बेंगळुरू महामार्गावरच वसलेले असल्याने अशा गाड्या इथेही दिसतात. इथल्या गाड्यांवर कराडचा एमएच-५० नंबर असतो, आणि पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आरटीओची तपासणी अटळ असते. लाखांची गाडी स्वस्तात मिळते, तिचे सुटे भाग मात्र स्वस्त झालेले नसतात. त्यामुळे आधी निदान आणि मग खरेदी हाच क्रम परवडतो.

स्टेअरिंगच्या दांड्याला कॉलम म्हणतात. त्याच्या पोटाशी दोन छोट्या बारा व्होल्टच्या मोटरी असतात. एक कॉलम वर-खाली करते, दुसरी पुढे-मागे. मोटरीचा वेगवान फेरा वर्म गिअरमधून कमी होतो आणि एक आटेदार दांडा फिरवतो. त्या दांड्यावरचा नट सरकला की कॉलम सरकतो. काही गाड्यांत मोटर आणि दांडा यांच्यामध्ये स्पीडोमीटरच्या केबलसारखी लवचिक केबल असते. वर्म गिअर उलटा फिरत नाही, म्हणूनच गाडी चालवताना चाक आपोआप घसरत नाही. त्याच कारणाने अडकलेले चाक हाताने कितीही दाबले तरी हलत नाही. जोर लावला तर दाते तुटतात. कॉलम कुठे पोचला हे कंट्रोल युनिटला कळवायला पोझिशन सेन्सर असतो, आणि बऱ्याच गाड्यांत हे सारे सीटच्या मेमरीशी जोडलेले असते.

तपासणीची सुरुवात कानाने करावी. बटण दाबल्यावर अजिबात आवाज आला नाही तर वीज पोचत नाही असे समजावे. नुसती घरघर आली आणि चाक हलले नाही तर मोटर चालते, पण गिअर, केबल किंवा नट निकामी आहे. चाक बोटभर सरकून थांबत असेल तर सेन्सर तरी बिघडलेला असतो, नाहीतर वाळलेल्या ग्रीसमुळे मोटरीवर भार येऊन युनिट वीज तोडत असते. या तीन खुणांनी निम्मे काम होते.

आवाजच नसेल तर पहिली तपासणी बॅटरीची. बंद गाडीत मल्टिमीटरने साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरी उतरलेली असली की जुन्या गाड्यांची युनिटे चमत्कारिक वागतात. मग फ्यूज. सीटची मेमरीही त्याच वेळी बंद पडली असेल तर दोघांचा सामायिक फ्यूज किंवा युनिट संशयास्पद. त्यानंतर स्विच, आणि मग मोटरीचा कनेक्टर. बटण दाबून धरल्यावर मोटरीच्या दोन जाड तारांवर व्होल्टेज येते का हे पाहावे. दिशा बदलली की धन-ऋण उलटे व्हायला हवे. व्होल्टेज येते आणि मोटर गप्प राहते, तेव्हाच मोटरीवर बोट ठेवता येते.

कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवी बुरशी दिसली तर खरेदीचा इतिहास तपासावा. कृष्णेचे पाणी सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शिरले होते. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून विकली जाते. काही मॉडेलांत सीटचे युनिट सीटखालीच असते, म्हणजे पाणी आधी तिथे साचते. वरून चकचकीत डॅशबोर्ड असलेल्या गाडीचा गालिचा उचलला आणि खाली गाळाची पातळ रेघ सापडली, तर कॉलमच्या मोटरीवर खर्च करण्याआधी ते युनिट उघडून पाहणे शहाणपणाचे.

खोलाखोलीआधी एअरबॅगचा विचार सर्वांत महत्त्वाचा. बॅटरीचा निगेटिव्ह काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ, निदान दहा मिनिटे, थांबावे. पिवळ्या कनेक्टरच्या तारांना टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर कधीही लावू नये. तेवढ्या करंटनेही एअरबॅग फुटू शकते. जुन्या रेडिओला बॅटरी काढल्यावर कोड लागतो, तो आधी शोधून ठेवावा.

मोटर सुटी केली की वेगळ्या बॅटरीवरून, मध्ये दहा अँपिअरचा फ्यूज घालून, क्षणभर फिरवून पाहावी. सेन्सरच्या बारीक तारांना बारा व्होल्ट देऊ नये. मोटर फिरली तर गिअरबॉक्स उघडावा. आतले ग्रीस वाळलेल्या काकवीसारखे तपकिरी, घट्ट झालेले असते आणि पांढऱ्या नायलॉनच्या चाकाचे दाते एका बाजूने झिजून त्यांचा भुगा त्यात मिसळलेला असतो. केबल असलेल्या गाडीत केबलचे टोक खोबणीतून निसटलेले किंवा घासून गोल झालेले सापडते. मोटर नवी टाकली असती तरी चाक हलले नसते, कारण दोष इथे होता.

भाग मिळवायला मुंबईत कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार आहे. झिजलेला बुश किंवा नट कराड, इस्लामपूर किंवा मिरजेच्या लेथवर नमुन्यावरून नव्याने करता येतो. ज्या परिसरात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथे असे काम जाणणारे हात मिळतात. नवा भाग नायलॉनचाच करावा. पितळेचा टिकाऊ वाटतो, पण अडकल्यावर भार पुढे मोटरीवर आणि आट्यांवर जातो.

वैतागून कॉलम एका जागी वेल्ड करून टाकणे हा मात्र जिवावरचा उपाय आहे. धडकेत चालकाच्या छातीला मार कमी बसावा म्हणून कॉलम आत दबेल असा बनवलेला असतो. वेल्ड केला की तो सरळ भाल्यासारखा उभा राहतो. तारेने बांधणेही तसेच, कारण वळणावर कॉलममध्ये खेळ येतो.

जोडणी करताना जुने ग्रीस पूर्ण पुसून प्लास्टिकला चालणारे नवे लावावे. मग बटणाने कॉलम दोन्ही टोकांपर्यंत एकदा न्यावा, म्हणजे ज्या युनिटांना शेवटची हद्द नव्याने शिकावी लागते ती शिकतील. सीटची मेमरी पुन्हा भरावी, हॉर्न वाजवून पाहावा आणि एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो की नाही हे तपासूनच गाडी रस्त्यावर काढावी.