जरा मागची बाजू दाखवाल?

ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी बाईला क्विल्टिंगचा नाद लागला, की तिच्या दिवाळीचं वेळापत्रक कोलमडतं. इथला आंतरराष्ट्रीय क्विल्ट महोत्सव बहुतेक वर्षी भरतो तो ऑक्टोबरच्या अखेरीस, नाहीतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन भाजणीच्या दिवसांत. दोन्ही तारखा एकमेकींवर आल्या, की आमच्याकडे चकल्या विकतच्या येतात. मी त्याबद्दल कुणाची माफी मागत नाही.

या महोत्सवाची सुरुवात १९७५ साली एका दुकानात झाली. केरी ब्रेसेनहान या बाईंनी आपल्या गिऱ्हाइकांसाठी म्हणून छोटंसं प्रदर्शन मांडलं. आज ते शहराच्या मध्यवर्ती भागातल्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरच्या अवाढव्य दालनांत भरतं आणि कोविडच्या आधीच्या वर्षांत पन्नास हजारांवर माणसं त्याला येत. दालनाचा एक भाग दुकानांचा. कापड, दोरे, सुया, कात्र्या आणि लहान मोटारीच्या किमतीची शिलाई यंत्रं. दुसऱ्या भागात काळ्या पडद्यांवर टांगलेल्या क्विल्ट्स, रांगांमागून रांगा. काही इतक्या बारीक कामाच्या, की लांबून तैलचित्र वाटावं.

हात लावायला अर्थातच सक्त मनाई. पण प्रत्येक रांगेत पांढरे सुती हातमोजे घातलेले स्वयंसेवक उभे असतात आणि त्यांना दिवसभर एकच विनंती होते : जरा मागची बाजू दाखवाल? मग तो स्वयंसेवक अलगद कोपरा उचलतो आणि पाच-सहा डोकी खाली वाकतात. समोरच्या रंगसंगतीवर घटकाभर बोलून झालेलं असतं. खरी परीक्षा मागे होते. दोऱ्याच्या गाठी दिसतात का, टाक्यांचा ताण दोन्हीकडे सारखा आहे का, वळणावर दोरा ओढला गेलाय का, हे सगळं पाठ सांगते. नवख्या माणसाला हा विक्षिप्तपणा वाटतो. वर्षभर स्वतः शिवलं, की तोही वाकून बघायला लागतो.

क्विल्ट म्हणजे तीन थर. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा पातळ थर आणि खाली अस्तर. तिन्ही थर एकत्र धरणारी शिवण म्हणजे मूळ क्विल्टिंग. तुकडे जोडणं ही त्याआधीची पायरी आणि छंदाचा बहुतेक वेळ तिथेच जातो. जोडताना शिवणीसाठी पाव इंच कापड सोडायचं, हा इथला अलिखित कायदा. ती शिवण एक सोळांश इंच जास्त रुंद पडली तर दोन्ही तुकड्यांतून तेवढं कापड खाते. अशा आठ शिवणी झाल्या, की ओळ एक इंचाने आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री आणि दर दोन-तीन शिवणींनंतर मोजपट्टी. उरेब कापलेला तुकडा तर इस्त्रीच्या नुसत्या धक्क्यानेही ताणला जातो, त्यामुळे इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची.

या कामाचा वेग बदलला तो १९७९मध्ये, ओल्फा या जपानी कंपनीने गोल पात्याची फिरती सुरी बाजारात आणली तेव्हा. त्याआधी पुठ्ठ्याचा नमुना ठेवून, पेन्सिलने आखून एकेक तुकडा कात्रीने कापावा लागे. आता कापडाच्या घड्या एकावर एक ठेवायच्या, पारदर्शक पट्टी दाबून धरायची आणि सुरी फिरवायची. तासाभरात शंभर चौकोन. माझं मत विचाराल तर शिलाई यंत्रानंतर या छंदाला सर्वांत मोठं वरदान याच सुरीचं आहे, आणि बोटांना सर्वांत मोठा धोकाही.

फलटणजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या आत्याला हे सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तेव्हा तिने चष्मा वर सारला. "अगं, नवंकोरं कापड फाडायचं आणि परत जोडायचं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

आत्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तिच्या गोधडीत नवं काही नसतं, सुई-दोरा सोडला तर. दोन जुनी लुगडी वर-खाली, आत विटलेली धोतरं, पोरांचे सदरे, फाटक्या परकराचे पट्टे. कडेने कच्चा टाका घालायचा आणि मग धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे फिरत यायचं. आखणी नाही, मोजपट्टी नाही. दुपारची जेवणं उरकली, की शेजारणी येतात, दोघी-तिघी मिळून एकेक कड धरतात. थरांची जाडी ठरते घरात जुनं किती साठलंय त्यावर. तिच्या लेखी ही काटकसर, हौस तिच्या वाटेला फारशी आलीच नाही.

आमच्याकडे मात्र हौसेचा हिशोब असा : चांगलं सुती कापड वाराला बारा-तेरा डॉलर, पन्हा बेचाळीस-चव्वेचाळीस इंच. दोघांच्या पलंगाची क्विल्ट करायची तर पुढचा भाग, अस्तर आणि कडेचा गोट धरून सोळा-सतरा वार सहज लागतात. म्हणजे दोनशे डॉलर कापडालाच गेले, कापसाचा थर वेगळा. घरच्या मशीनवर एवढा बोजा फिरवणं जमत नसेल, तर दहा-बारा फुटी चौकटीवर कापड ताणून वरून यंत्र फिरवणाऱ्या बाईकडे द्यायचं, तिची मजुरी चौरस इंचावर. दुकानात याहून बरी रजई शंभर डॉलरला मिळते. तेव्हा क्विल्टिंगने पैसे वाचतात असं कुणी सांगितलं, तर त्याच्या घरातलं कापडाचं कपाट उघडून पाहावं.

ते कपाट हा स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक क्विल्टरकडे कापडाचा साठा असतो आणि तो या जन्मी संपणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्याच्या शेजारी अर्धवट कामांची खोकी. आमच्या क्विल्टरांच्या गटाच्या बैठकीत ही अर्धवट कामं विनोदाचा विषय. जानेवारीत सगळ्या जणी यादी करतात, यंदा यातली निम्मी पुरी करीन म्हणून, आणि फेब्रुवारीत नवा नमुना शिकायला बसतात. आमचा गट महिन्यातून एकदा एका चर्चच्या सभागृहात भरतो. आधी हिशोब, मग पाहुण्या शिक्षिकेचं व्याख्यान, शेवटी सगळे ज्याची वाट पाहतात ती वेळ : जिने काही पुरं केलं असेल तिने पुढे यायचं, दोघींनी वरची टोकं धरायची आणि तिने सांगायचं, हे कुणासाठी केलं. नातीसाठी, घर जळालेल्या शेजाऱ्यासाठी, केमोथेरपी चाललेल्या बहिणीसाठी. इथे नमुन्याबद्दल फार कुणी विचारत नाही.

गटाच्या कामाचा बराच भाग अशा देण्यातच जातो. आजारी किंवा संकटातल्या मुलांना पांघरुणं देणारी प्रोजेक्ट लायनस ही संस्था १९९५पासून चालू आहे. युद्धावर गेलेल्या सैनिकांना क्विल्ट देणारी क्विल्ट्स ऑफ व्हॅलर २००३मध्ये सुरू झाली. मुलगा इराकमध्ये तैनात असलेल्या एका आईच्या मनातून ती निघाली आणि आजवर तिच्यामार्फत लाखो क्विल्ट्स गेल्या. युद्धाबद्दल गटात टोकाची मतं आहेत, पण कापायला बसल्यावर ती कुणी काढत नाही.

प्रदर्शनातलं परीक्षण याच्या अगदी उलट टोकाचं. बहुतेक ठिकाणी परीक्षकांना नाव कळू देत नाहीत. मदतनीस क्विल्ट उचलून धरतात, परीक्षक बोलतात आणि लेखनिक लिहून घेतो. कोपरे काटकोनात आहेत का, गोटाच्या आत कापूस शेवटपर्यंत भरलाय की कड पोकळ लागते, टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी आहे का, टांगल्यावर खालची कड सरळ राहते की लाटा येतात. हाताने शिवलेल्या क्विल्टमध्ये इंचाला दहा-बारा टाके बसवणाऱ्या बाईकडे लोक आदराने बघतात. मागे वरच्या कडेला चार इंची नळीसारखी पट्टी शिवावी लागते, दांडा घालून टांगण्यासाठी. ती नसेल तर कितीही सुंदर काम असो, बाहेर. परीक्षकांच्या शेऱ्यांत आधी एक गोड वाक्य येतं आणि मग खरं काय ते. मला हे सगळं पटतं असं नाही. तांत्रिक सफाईच्या या हट्टापायी दरवर्षी काही निर्दोष आणि निर्जीव क्विल्ट्सना फिती मिळतात.

तसं वाटलं, की मी जीज बेंडच्या क्विल्ट्सची चित्रं काढून बघते. अलाबामा नदीच्या वळणातली ही वस्ती. पेटवे नावाच्या मळेवाल्याच्या गुलामांचे वंशज इथे राहतात आणि अनेकांची आडनावं आजही पेटवेच. १९६०च्या दशकात इथले कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा नदीवरची फेरीबोटच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. १९६६मध्ये या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. घरच्या क्विल्ट्स मात्र जुन्या कामाच्या कपड्यांच्या : गुडघ्याला झिजलेल्या डेनिमच्या विजारी, खिसा उसवल्यावर त्याखाली राहिलेला गडद निळा चौकोन. १९४२मध्ये नवरा वारल्यावर मिझुरी पेटवे यांनी त्याचेच शेतातले कपडे उसवून मुलीच्या मदतीने एक क्विल्ट केली. त्यातला एकही पट्टा सरळ नाही. या वस्तीतल्या क्विल्ट्स २००२मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली.

भिंतीवर लागण्याची ही सुरुवात खरं तर व्हिटनीतच १९७१ साली झाली होती. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जुन्या बाजारांतून जमवलेल्या क्विल्ट्स तिथे अमूर्त चित्रांसारख्या मांडल्या. प्रदर्शन गाजलं, पुढे देशोदेशी फिरलं. पण एक गोष्ट खटकावी तशी खटकते. त्या भिंतीवर रंग आणि आकार होते, शिवणारणींची नावं जवळपास नव्हती. कारण ती कुणी कधी लिहूनच ठेवली नव्हती. तो संग्रह आता नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकनमधल्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे. तिथे सिंधमधल्या रल्ल्याही, म्हणजे तिकडच्या गोधड्याही, मोठ्या संख्येने आहेत.

नाव नसलं, की रिकाम्या जागी दंतकथा येऊन बसते. आमिश बायका देवापुढे नम्रता म्हणून क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवतात, असं दर प्रदर्शनात कुणीतरी सांगतं. अभ्यासकांना याला काही आधार सापडलेला नाही. पळून जाणाऱ्या गुलामांना क्विल्टच्या नमुन्यांतून गुप्त खुणा दिल्या जात, ही गोष्ट १९९९मधल्या एका पुस्तकामुळे शाळाशाळांत पोचली. इतिहासकार ती मानत नाहीत. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच ती हटत नाही.

नाव हेच ज्या क्विल्टचं सगळं काही, ती १९८७मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पसरली. एड्सने गेलेल्यांसाठी क्लीव्ह जोन्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेली. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा. ११ ऑक्टोबरला १,९२० तुकडे मांडले होते. आज ती पन्नास हजार तुकड्यांच्या आसपास गेली आहे. शिवणकाम कधी न केलेल्या माणसांनी गोंदाने चिकटवलेली अक्षरंही त्यात आहेत. इथे कुणी कोपरा उचलून टाके मोजत नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या हौशी बायका अलीकडे आत्याच्या पद्धतीकडे वळू लागल्या आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाची कवंदी त्यांना सापडली. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या बायका अस्तरावर थेट जुन्या कापडाचे तुकडे ठेवत, कड दुमडत, बाहेरून आत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे त्रिकोण लावतात. हेन्री ड्र्यूअल या कलाइतिहासकारांनी त्यावर बरंच काम केलं आहे. मोजपट्टीला कंटाळलेल्या क्विल्टर आता कवंदीच्या कार्यशाळांना पैसे भरून बसतात. भारतातही उलटा प्रवास चालू आहे. चेन्नईत २०१९च्या जानेवारीत इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरलं. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचं इंग्रजी पुस्तक २०१३मध्ये आलं, तेही फ्रान्समधल्या क्विल्टविषयक प्रकाशनसंस्थेकडून. पुण्या-मुंबईच्या हस्तकला प्रदर्शनांत गोधडी आता चांगल्या किमतीला जाते, आणि ती शिवणाऱ्या बाईला त्यातलं किती मिळतं हे विकणाऱ्याला जरूर विचारावं.

तुमच्याही घरी माळ्यावर एखादी आजीची गोधडी असेल, म्हणून थोडं व्यवहाराचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. आत दमट राहतं आणि बुरशी धरते. धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळा. लाकडाशी किंवा लोखंडी पेटीच्या पत्र्याशी थेट लागू देऊ नका. दर चार-सहा महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवरच कापड विरतं. उन्हं देताना वरून पातळ कापड टाका, जुने रंग उडायला वेळ लागत नाही. धुवायचीच असेल तर मशीनमध्ये टाकू नका. आणि वाळवताना दोरीवर टांगायची नाही, ओल्या गोधडीचं वजन तिच्याच टाक्यांना तोडतं. खाली चादर पसरून सपाट वाळवा.

मग पांढऱ्या सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा घ्या. धुऊन न जाणाऱ्या शाईने त्यावर शिवणारीचं पूर्ण नाव लिहा, माहेरचं माहीत असेल तर तेही. गाव, साधारण साल, कुणासाठी केली, आत कुणाची लुगडी आहेत. शाई पूर्ण वाळली, की उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा. कडा दुमडून तो तुकडा मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात शिवा, सुई फक्त अस्तरातून जाईल इतपतच. ती हयात असेल तर आधी तिला विचारून घ्या. वर्षं तिला बिनचूक आठवतात, कुठल्या पोराच्या पाठीवर कुठली गोधडी, या हिशोबाने.