पाडळसेचा पैसा सभागृहातून

अर्थसंकल्पाच्या भाषणात तापीवरच्या पाडळसे धरणाचं नाव आलं की अमळनेरात त्याची बातमी होते. पण भाषणाने तिजोरी उघडत नाही! आधी खातेनिहाय अनुदानाच्या मागण्या विधानसभेत येतात. जळगाव-धुळ्याचा विरोधी आमदार जलसंपदाच्या मागणीत 100 रुपयांची कपात सुचवू शकतो. पैसे वाचवायला नव्हे, रखडलेल्या कामावर मंत्र्यांना बोलतं करायला. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात. खरी गोम इथेच आहे. पुढे विनियोजन विधेयक. विधान परिषद ते 14 दिवस ठेवू शकते, अडवू शकत नाही. राज्यपालांची मंजुरी मिळाली की राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येतो. वर्षात कमी पडलाच, तर पुरवणी मागण्या आहेतच.