जोगेश्वरीच्या टेकडीवरची अमानत

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची रीघ लागते. परवा एक रिक्षावाले भाई मुलीला घेऊन आले. टक्के चांगले होते. तरी सुस्कारा टाकून म्हणाले, "सर, आपल्या लोकांनी मशिदी बांधल्या, कॉलेजं कुठे बांधली?"

आम्ही विचारले, "जोगेश्वरीच्या हायवेवरून रिक्षा नेता ना? तिथे टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज आहे, पाहिलंय?"

"रोजच जातो. ते तर सरकारी आहे."

सरकारी आहे हे खरे, पण ते सरकारच्या पैशातून जन्मलेले नाही. मुंबईचे जहाजमालक सर मोहम्मद युसूफ यांनी 1914 साली मुंबई सरकारच्या हवाली 8 लाख रुपये केले. त्यातून मुसलमान मुलांच्या उच्च शिक्षणाची सोय व्हावी, ही त्यांची इच्छा होती. (इथे भाईंनी मध्येच विचारले, "सर म्हणजे मास्तर होते का?" नाही, तो इंग्रज सरकारचा किताब.) रक्कम किती मोठी, हे समजायला आजचे 8 लाख डोळ्यांपुढे आणू नयेत. सोने तोळ्याला काही रुपयांत मिळत होते, त्या काळातले हे 8 लाख आहेत.

आमच्या मते या माणसाचे मन पैशापेक्षा दुसऱ्या एका कामात जास्त दिसते. त्याआधीच, 1910 साली, त्यांनी न्हावा बेटावर खलाशी घडवणारी संस्था काढली होती. तीच आजची 'टी. एस. रहमान'. सरकारने 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू केले ते 1927 मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. आमच्या कोकणातल्या कित्येक घरांचा चुलाच जहाजाच्या पगारावर पेटला. पोरगा बोटीवर गेला की घराला पत्र्याऐवजी कौले यायची. अशा पोरांना हुनर द्यावा आणि त्याच वेळी पुस्तकाचीही वाट मोकळी करावी, असे दोन्ही बाजूंनी पाहणारे धनिक आपल्यात फार झाले नाहीत.

कॉलेज मात्र लगेच उभे राहिले नाही. मध्ये पहिले महायुद्ध येऊन गेले आणि दार उघडायला 1930 साल उजाडले. एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्स ही सगळी शहरात होती आणि जोगेश्वरी तर तेव्हा मुंबई पालिकेच्या हद्दीतही नव्हती. तिथे सुमारे 54 एकरांच्या टेकडीवर मुंबई विद्यापीठाचे हे कॉलेज सुरू झाले. अरबी भाषेला त्यात खास जागा होती. नजीब अशरफ नदवींसारख्या विद्वानांनी तिथे शिकवले, कादर खान तिथे शिकले. आज सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे शिकतात, आणि त्यात आम्हाला आनंदच आहे. ज्ञानाच्या पाणपोईवर येणाऱ्याची जात कोण विचारतो?

खंत वेगळी आहे. सरकारच्या हाती दिल्याने कॉलेज टिकले आणि फी आवाक्यात राहिली. पण ते आपले आहे ही जाणीव आपल्या मनातून गेली. या जमिनीवर दुसरे काही उभारण्याच्या योजना मधून मधून निघतात, तेव्हा विरोध होतो आणि आपण मोर्चाला जातो. एरवी तिथल्या ग्रंथालयात किती पुस्तके आली, अरबी-उर्दूला किती मुले बसली, हे विचारायला कोणी टेकडी चढत नाही. सदक-ए-जारियाचे सवाब देणाऱ्याला मिळेल, इन्शाअल्लाह. पण अमानतीची राखण कोणी करायची? आम्हीही इतकी वर्षे मुलांना दुसऱ्याच कॉलेजांची नावे सांगत आलो, हे इथे कबूल केलेले बरे.

भाई बराच वेळ गप्प होते. मग मुलीकडे वळून म्हणाले, "टाक गं ते नाव फॉर्ममध्ये."

तिने मोबाईलवर पसंतीक्रमात ते तिसऱ्या नंबराला टाकले. पहिल्या नंबराला का नाही, असे आम्ही विचारले.

"सर, आधी अब्बांच्या रिक्षातून जाऊन बघून येते," ती म्हणाली. "मग ठरवते."